म्हातारीचा भोपळा

‘चल रे भोपळ्या टुणूक टुणूक’ सांगायला बसलं की माझं घोडं अडतं ते भोपळ्याच्या रंगाशी. पुस्तकातल्या चित्रात तो हमखास केशरी असतो. पण लाल भोपळा मूळचा अमेरिकेतला. मिरचीसारखाच तोही पोर्तुगीज आल्यानंतर आपल्याकडे पोचला. गोष्ट त्याहून जुनी असावी असं मला वाटतं, कारण तिचं गणगोत फार लांबवर पसरलंय.

इराणातही एक म्हातारी लेकीकडे निघते, वाटेतल्या लांडग्या-सिंहांना ‘जाड होऊन येते, मग खा’ म्हणून कटवते आणि भोपळ्यात बसून परतते. लोककथांच्या अभ्यासकांनी या थापेला १२२-एफ असा क्रमांकसुद्धा देऊन टाकलाय! पंजाबात म्हातारीच्या जागी कोकरू आहे. ते आजीकडे जातं, धान्याच्या कणगीत बसून खाऊन-खाऊन फुगतं आणि ढोलात बसून गडगडत निघतं. फ्लोरा अ‍ॅनी स्टील आणि आर. सी. टेंपल यांच्या १८८४ च्या संग्रहात ते आहे. तिथं शेवटी कोल्हा आवाज ओळखतो आणि कोकराला चक्क खातो. आपल्याकडे ‘म्हातारी-कोतारी मला नाही माहीत’ एवढ्यावर वाघोबा गप्प बसतात. झोपायच्या वेळी पोरं रडायला नकोत, म्हणून कुणा आजीनेच केलेली ही दुरुस्ती असणार.

माझा खरा साक्षीदार मात्र बंगालमध्ये सापडला. उपेंद्रकिशोर रायचौधुरींच्या १९१० च्या ‘टुनटुनीर बोई’त कुबडी म्हातारी नातीकडून परतते ती ‘लाऊ’त बसून, सोबत पोहे आणि चिंच घेऊन. लाऊ म्हणजे आपला दुधी!

आणि ते पटतंही. दुधी इथे हजारो वर्षांचा. वेलावरच वाळू दिला की कवच लाकडासारखं टणक होतं, आत नुसत्या बिया खुळखुळतात. तोंड कापून बिया काढल्या की झाली गाडी तयार, हलकी आणि घरंगळणारी. लाल भोपळा कोरून त्यात म्हातारी बसवलीत, तर दुसऱ्या दिवशी वास मारेल.

एखाद्या चित्रकाराने एकदा तिला वाळक्या दुधीत बसवून बघावं. अगदी भाजीतला लांबुडका नको, पंढरपूरकडे तंबोऱ्यासाठी पिकवतात तसला घ्यावा. घेर चांगला असतो.