लेकाच्या डोळ्यातली जंताची गाठ आणि एमआरआयची तारीख

लेक साडेचार वर्षांचा. उजवी पापणी सुजायची, लाल व्हायची, उतरायची, परत सुजायची. आधी ॲलर्जी म्हणून थेंब, मग इन्फेक्शन म्हणून ॲंटिबायोटिक. शेवटी डोळ्याच्या डॉक्टरांनी "वर बघ रे" म्हटलं तर तो डोळा वर जाईचना. लगेच डोळ्याची सोनोग्राफी, डोळा हलवणाऱ्या स्नायूत पाण्याची गाठ, आत पांढरा ठिपका, म्हणजे जंताचं डोकं. सिस्टिसर्कोसिस, म्हणजे डुकराच्या जंताच्या अळीची गाठ. सोनोग्राफी अजिबात दुखत नाही, पापणी सारखी सुजत असेल तर डॉक्टरांना तिचं विचाराच.

अडलं ते पुढे. डॉक्टर म्हणाले अशीच गाठ मेंदूत नाही ना हे बघितल्याशिवाय अल्बेंडाझोल, म्हणजे जंत मारायचं औषध, नाही, कारण जंत मरतो तेव्हा सूज वाढते आणि मेंदूत गाठी असतील तर फिट येऊ शकते. (डोळ्याच्या आत असेल तर नजरच जाऊ शकते, म्हणून थेंब टाकून पडदा आधीच तपासला.) मला पटलं, पण एमआरआयच्या काउंटरला कोण पटवणार! एवढं पोर मशीनमध्ये गप्प पडणार नाही म्हणजे भूल, भूल म्हणजे वेगळी तारीख, भूलवाले डॉक्टर ठरावीक वारीच. पहाटेपासून पोर उपाशी, "दूऽऽध" करत माझी ओढणी ओढतंय, आणि उन्हं चढल्यावर कळतं की कागदावर वजन लिहिलेलं नाही. अहो, समोर काटा आहे, उभं करा की त्याला! "नाही ताई, ओपीडीतून लिहून सही आणा." ओपीडी तोवर बंद. पुढच्या तारखेला नाक वाहत होतं, सर्दीत भूल देत नाहीत, हे बरोबरच आहे, पण सर्दी असेल तर आदल्या दिवशी फोन करा हे आधी कुणी सांगेल तर शपथ! वजन, रक्ताचे रिपोर्ट, सही, सगळं तारीख घेतानाच बघून घ्या.

मेंदू स्वच्छ निघाला. हुश्श.

मग चार आठवडे अल्बेंडाझोल, वजनाप्रमाणे, सोबत स्टेरॉइड. गोळी तूपभातानंतर द्यायची, स्निग्ध खाण्याबरोबर नीट लागू पडते. स्टेरॉइडने भूक प्रचंड वाढते, पण मनाने बंद करू नका, डॉक्टर हळूहळू कमी करतात. ऑपरेशन लागलं नाही, आता डोळा सगळीकडे फिरतो.

हां, एक राहिलंच. सासूबाई म्हणे, "आपण माळकरी, आपल्याकडे डुकराचा जंत कुठून?" मांसातून पोटात जंत होतो, गाठी होतात त्याच्या अंड्यांमुळे, आणि ती माणसाच्या शौचातून पाण्यात, कच्च्या कोथिंबीर-काकडीवर, न धुतलेल्या हातावर येतात. म्हणून घरातल्या सगळ्यांची शौचाची तपासणी सांगितली होती, तर सासूबाई डबी हातात घ्यायलाच तयार नव्हत्या.