अनारशाचे पीठ आणि चोवीस कामट्या

आई होती तोपर्यंत आमच्या घरी अनारसे विकत आणण्याची वेळ कधी आली नाही. ती गेल्यानंतरची तीन वर्षे मात्र दुकानातून आणलेल्या पाकिटातले अनारसेच आम्ही लक्ष्मीपूजनाच्या नैवेद्याला ठेवत होतो. २०२४ च्या दिवाळीत मी ठरवले की अनारसे घरीच करायचे आणि आकाशकंदीलही कामट्या बांधून, कागद चिकटवून हाताने करायचा. दोन्ही कामे एकाच पंधरवड्यात घेण्यामागे साधा हिशेब होता. अनारशाचे पीठ एकदा मळून ठेवले की आठवडाभर त्याला हात लावायचा नसतो, आणि तेवढ्या दिवसांत कंदील बांधून होतो. माझी थोरली बहीण साताऱ्याला असते. आईच्या हाताखाली तिने वर्षानुवर्षे अनारसे केलेले असल्यामुळे फोनवरून तिची मदत मिळणार होती.

१६ ऑक्टोबरला कोजागरी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी मी अर्धा किलो तांदूळ धुऊन भिजत घातले. तांदूळ जुना हवा, कारण नवा तांदूळ चिकट असतो आणि त्याचे पीठ मोकळे राहत नाही, असे ताईने बजावले होते. पाणी रोज बदलायचे असते. तीन दिवसांत तांदळाला हलका आंबूसपणा येतो, तो अनारशाच्या जाळीसाठी हवाच असतो. पाणी बदलले नाही तर मात्र त्याचा उग्र वास होतो. चौथ्या दिवशी, म्हणजे रविवारी, दाणा दोन बोटांत धरून दाबला तेव्हा त्याचा भुगा झाला. मग तांदूळ चाळणीत निथळवले आणि जुन्या सुती पंचावर, पंख्याचा वारा न घालता, सावलीत पसरून ठेवले. ते किती वाळू द्यायचे हे घड्याळावर सांगता येत नाही. मूठभर तांदूळ दाबले तर ओल जाणवली पाहिजे, पण तळहात ओला होता कामा नये. तेवढी ओल राहिली नाही तर पीठ गुळाशी एकजीव होत नाही, असे ताईचे म्हणणे होते.

मिक्सरवर थोडे थोडे दळून, मैद्याच्या चाळणीने चाळून, वर उरलेला रवा पुन्हा दळून शेवटी ५६० ग्रॅम ओलसर पीठ हाती आले. गुळाचे प्रमाण विचारले तेव्हा ताई म्हणाली, “पिठाच्या बरोबरीने घे, पण किंचित कमी. आणि चिकीचा गूळ घेऊ नकोस, साधा मऊ घे.” किंचित म्हणजे किती हे मी विचारले नाही. काट्यावर ५६० ग्रॅम गूळ किसून घातला, चमचाभर तूप लावून गोळा मळला, आणि स्टीलच्या डब्यात दाबून भरून कपाटात ठेवला. पुढे जे काही झाले त्याचे मूळ या एका गोष्टीत होते.

कंदिलासाठी मी शनिवारी बुरूड आळीत जाऊन बांबूच्या तासलेल्या कामट्या आणल्या आणि रविवार पेठेतून पांढरा, भगवा आणि लाल पतंगाचा कागद घेतला. पारंपरिक कंदिलाचा सांगाडा दिसायला अवघड वाटतो, पण त्याचा हिशेब फार सुंदर आहे. सारख्या लांबीच्या २४ कामट्या लागतात. मी प्रत्येकी २५ सेंटिमीटर कापल्या. त्यांतल्या १६ कामट्यांचे चार चौकोन बांधायचे, ते कोपऱ्यावर उभे करून एकमेकांना बाजूच्या टोकांशी जोडायचे, म्हणजे त्यांचे कडे तयार होते. मग वर आलेली चार टोके चार कामट्यांनी आणि खालची चार टोके उरलेल्या चार कामट्यांनी जोडली की वर एक आणि खाली एक चौकोन आपोआप होतो, आणि मधल्या फटींचे आठ त्रिकोण बनतात. माझ्या नऊ वर्षांच्या मुलीने हे त्रिकोण बोट लावून मोजले आणि आठ भरल्यावर ती पुन्हा पहिल्यापासून मोजू लागली.

सांगाडा बांधून झाला तरी उभा राहीना. हातात धरून उचलला की सगळ्या सांध्यांना एकदम पीळ बसायचा आणि तो गोल फिरत खाली दबायचा. आधी मला गाठी सैल आहेत असे वाटले, म्हणून मी त्या सोडून पुन्हा आवळल्या, पण त्याने काहीच फरक पडला नाही. मग लक्षात आले की त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र तिरका होऊ शकतो, आणि सहाही चौकोन एकाच वेळी तिरके होत असल्यामुळे सगळा कंदील वळत होता. प्रत्येक चौकोनात एका कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्याला जाड दोरा ताणून बांधला. त्याआधी पट्टीने कर्ण मोजून घेतला. २५ सेंटिमीटरच्या चौकोनाचा कर्ण साधारण साडेपस्तीस सेंटिमीटर भरतो आणि दोन्ही कर्ण सारखे आले तरच चौकोन सरळ असतो. सहावा दोरा बांधल्यावर सांगाडा असा ताठ झाला की मुलीने तो टेबलावर आपटून पाहिला. वरच्या चौकोनाचा दोरा पुढे दिव्याची वायर अडकवायलाही उपयोगी पडला.

खळ मी मैद्याची शिजवली. आई खळीला कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालत असे, पण ते विषारी असते आणि मुलीचे हात खळीत असणार होते, म्हणून मी ते टाळले. चौकोनांना पांढरा आणि त्रिकोणांना भगवा कागद लावायचा असे मुलीने ठरवले होते. पहिले दोन कागद मी चांगले ताणून लावले आणि वाळताना ते मधोमध टर्रकन फाटले. ओला कागद वाळताना आखडतो, त्यामुळे लावताना तो थोडा सैल ठेवायचा असतो. सैल दिसणारा कागद सकाळपर्यंत ढोलकीच्या पुडीसारखा ताठ होतो. पुढचे सगळे कागद तसेच लावले आणि त्यांतला एकही फाटला नाही. खालच्या कोपऱ्यांना लाल कागदाच्या शेपट्या लावून आम्ही २८ ऑक्टोबरला, वसुबारसेच्या संध्याकाळी, कंदील गॅलरीत टांगला.

त्याच्या आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, मी अनारशाचा डबा उघडला होता. पीठ आठवड्यात बरेच सैल झाले होते आणि त्याला गुळाचा गोड, किंचित आंबट वास येत होता. लिंबाएवढा गोळा घेऊन खसखशीवर बोटांनी थापला, खसखशीची बाजू वर ठेवून मंद आचेवरच्या तुपात सोडला, आणि दोन-तीन क्षणांत तो कडेपासून सुटू लागला. आधी त्याला भोके पडली, मग भोके वाढत जाऊन एकमेकांना मिळाली, आणि शेवटी कढईत खसखस, तूप आणि तपकिरी भुसा एवढेच उरले. अनारसा हसतो असे म्हणतात ते मी लहानपणापासून ऐकत आलो होतो. पाहिले त्या दिवशी पहिल्यांदा. आच आणखी कमी करून दुसरा सोडला, गोळा जाड ठेवून तिसरा सोडला, असे पाच गोळे वाया गेल्यावर मी गॅस बंद केला आणि ताईला फोन लावला.

“गूळ किती घातलास?” एवढेच तिने विचारले. मी सांगितल्यावर ती म्हणाली, “जास्त झाला रे. तुपात गुळाचा पाक होतो, तो धरून ठेवायला पीठ पुरत नाही. मी नेहमी दोन मुठी पीठ बाजूला काढून ठेवते, हसले तर मिसळायला.” बाजूला ठेवलेले पीठ माझ्याकडे नव्हते. मग तिनेच विचारले की गणपतीत आणलेली मोदकाची पिठी उरली आहे का. ती होती. सगळी पिठी एकदम न घालता एक एक मूठ मळत जा, आणि गोळा थापताना बोटाला चिकटेनासा झाला की थांब, असे तिने सांगितले. मी प्रत्येक मूठ आधी काट्यावर तोलली. तिसऱ्या मुठीला गोळा चिकटायचा थांबला, तेव्हा एकूण ९० ग्रॅम पिठी गेली होती. लगेच तळू नकोस, पिठीला ओल पिऊ दे, असेही ती म्हणाली, म्हणून डबा पुन्हा बंद करून मी तीन दिवस थांबलो.

बुधवारी संध्याकाळी पुन्हा कढई ठेवली तेव्हा हात थरथरत होता, हे लिहायला मला संकोच वाटत नाही. पहिला अनारसा तुपात गेला, तळाशी बसला, आणि सावकाश वर आला. अनारसा उलटायचा नसतो. झाऱ्याने कडेचे तूप त्याच्यावर उडवत राहायचे असते. तसे करत असताना खसखशीच्या आसपास एकेक बारीक भोक उघडू लागले, पण या वेळी भोकाची कड धरून राहिली, आणि त्यातून तूप बुडबुडत वर आले. कडा तांबूस झाल्यावर दोन झाऱ्यांच्या मध्ये धरून बाहेर काढला, कारण गरम अनारसा पोळीसारखा मऊ असतो आणि एका झाऱ्यावर मोडतो. चाळणीत तो उभा लावून ठेवला. तूप निथळून गार झाल्यावर मुलीने तो दिव्यासमोर धरला तेव्हा त्याच्या जाळीतून पलीकडचा उजेड दिसत होता. त्या संध्याकाळी ४३ अनारसे झाले.

लक्ष्मीपूजनाला त्यांतले पाच नैवेद्याच्या ताटात ठेवले. भाऊबीजेला ताई आली, तिने ओवाळले, आणि ताटातला अनारसा मोडून त्याची कड आधी जिभेवर ठेवली. “पुढच्या वर्षी पाचशे साठ पिठाला साडेचारशे गूळ घे, मग पिठी लागणार नाही,” ती म्हणाली. तिच्या तोंडून ग्रॅममधले माप मी प्रथमच ऐकले. ते मी तिच्यासमोरच एका कागदावर लिहिले आणि तांदळाच्या डब्याच्या झाकणाला आतून चिकटवले. त्रिपुरी पौर्णिमेनंतर कंदील उतरवला, कागद सोडवून टाकला, आणि दोऱ्यांसकट सांगाडा जुन्या पंचात गुंडाळून माळ्यावर ठेवला.