शावुओतची पहाट, कोतेलची वाट

शावुओत म्हणजे तोरा मिळाल्याचा ज्यू सण. त्या रात्रीचं तिक्कून, म्हणजे जागून करायचं वाचन, पहाटे साडेतीनला आटोपलं. आता चालत यरुशलेमेतल्या कोतेलकडे, म्हणजे पश्चिम भिंतीकडे. रात्रभर तोरा, आमचा धर्मग्रंथ, वाचून डोळे चुरचुरत होते आणि चीजकेकनं पोट जड झालं होतं. शावुओतला दूधदुभत्याचं खायचा रिवाज आहे, पण चालायचं असेल तर एका तुकड्यावर थांबावं. चढणीवर कळतंच.

सणाला गाडी नाही, बस नाही. तलपियोतहून हेवरोन रस्त्यानं उतरत सुल्तानच्या तलावापर्यंत यायचं, मग सियोन डोंगराची चढण. रमतगमत तासाभराची वाट. प्रत्येक गल्लीतून माणसं येऊन मिळतात, पांढरे सदरे, बाबागाड्या, पेंगुळलेली पोरं. कुणी स्तोत्र 122 गायला लागलं की पुढचे-मागचे आपापल्या चालीत धरतात आणि कडव्याच्या मध्येच सगळं फिसकटतं. दिंडीसारखा वीणेकरी नाही, पट्टी ठरवणारं कुणी नाही.

या पायी जाण्याला फार वर्षं झालेली नाहीत. सणाला यरुशलेमेस जाण्याची आज्ञा तोरातली, पण 1948 ते 1967 ज्यूंना भिंतीपाशी जाताच येत नव्हतं. जून 1967 मध्ये युद्ध संपलं आणि आठवड्याभरात शावुओत आला. त्या दिवशी सुमारे 2 लाख माणसं चालत आली असं सांगतात. भिंतीसमोर तेव्हापर्यंत जेमतेम चार मीटर रुंदीची गल्ली होती. पटांगण झालं ते मुघ्रबी मोहल्ल्यातली घरं पाडून, आणि हेही सांगायला हवं.

चढणीच्या तोंडाशीच डाव्या टाचेचा फोड फुटला. नवी सँडल घालून निघाले होते, दोष कुणाला देणार? सणाला मलम चोपडायचं नाही, पट्टी कापायची नाही, कागद फाडायचा नाही. आदल्या दिवशी सगळं तयार करून ठेवायचं असतं आणि मी नेमकं तेच विसरले होते. कठड्यावर बसले तर शेजारच्या आजी टाचेकडे बघून म्हणाल्या, "श्वी, श्वी." बस, बस. बसलेलीच होते मी. त्यांनी पिशवीतून टिश्यूची चळत काढली, सणाच्या आधीच फाडून ठेवलेले चौकोन. दोन घेतले, चार पदरी घडी घातली, टाच आणि पट्टा यांच्यामध्ये सरकवली. घडीची बंद बाजू वर, सुट्या कडा खाली. उलटं ठेवलं तर चालताना पट्टा एकेक पदर वर ओढतो आणि दहा पावलांत कागदाचा बोळा होतो. बक्कल एक भोक सैल केलं, कारण कागदाची जाडी धरली नाही तर दाब वाढून दुसरा फोड अंगठ्याशी येतो. उरलेले चौकोन माझ्या हातात कोंबून त्या पुढे निघाल्याही. नाव विचारायचं राहिलं.

गोळ्यांच्या खुणांनी खरवडलेली सियोन वेस, मग उतरणीच्या गल्ल्या, मग तपासणी. दोन कानांच्या लोट्यानं हात धुतले. आता आशीर्वादांचा घोळ. रात्रभर जागलेल्यानं सकाळचे काही आशीर्वाद स्वतः म्हणावेत की झोपून उठलेल्याकडून ऐकावेत, यात पंथापंथात फरक आहे. अश्कनाझी, म्हणजे युरोपीय परंपरेची, मंडळी म्हणून झोप झालेला माणूस शोधत फिरतात. त्या पहाटे तो मिळणं कठीणच.

बायकांची बाजू उजवीकडे, पुरुषांच्या मानानं फारच अरुंद. दरवर्षी चिडते, दरवर्षी जाते. भिंतीला हात लावायचाच असेल तर रांग धरा. पण पुरुषांकडची तेफिला, म्हणजे प्रार्थना, ऐकायची असेल तर मेखित्झाला, मधल्या आडोशाला, चिकटून उभं राहावं, दोन मिन्यानांच्या, म्हणजे प्रार्थनेच्या जथ्यांच्या, मध्ये मात्र नको. डावीकडून येमेनी चाल, उजवीकडून अश्कनाझी, आणि आपलं पान हरवतं. सिद्दूरमध्ये, प्रार्थनेच्या पुस्तकात, बोट ठेवून एकाच हझानचा, म्हणजे प्रार्थना चालवणाऱ्याचा, आवाज धरायचा.

सूर्योदय साडेपाचच्या पुढेमागे. नेत्झला, म्हणजे सूर्य उगवण्याच्या मिनिटाला, अमिदा, उभ्यानं मनात म्हणायची मुख्य प्रार्थना, सुरू झाली पाहिजे. म्हणून हझान घड्याळाकडे बघत त्याआधीच्या शेमा या प्रार्थनेच्या आधीचा भाग कधी लांबवतो, कधी पळवतो. मिनिट चुकलं तर मागे येता येत नाही, कारण शेमानंतरचा सुटकेचा आशीर्वाद आणि अमिदा यांच्यामध्ये थांबायचं नसतं. डझनावारी मिन्यान, प्रत्येकाचा वेग वेगळा, अखंड गोंगाट. आणि एकदम सगळं बंद. हजारो माणसं पाय जुळवून उभी, ओठ हलतायत, आवाज नाही. फक्त भिंतीच्या फटीत घरटी केलेल्या पाकोळ्यांची किरकिर. माझा टाचेवरचा भार उजव्या पायावर होता, तो दोन्ही पायांवर घेतला.

भिंतीचं तोंड पश्चिमेला. सूर्य तिच्यामागून वर येतो, म्हणून खालचे सात हेरोदकालीन, म्हणजे हेरोद राजाच्या काळचे, थर सावलीतच राहतात आणि उजेड आधी आपल्या पाठीमागच्या घरांच्या माथ्यावर पडतो.

मग हल्लेलची स्तुतिस्तोत्रं, दहा आज्ञांचं वाचन, कोहेनांचा, म्हणजे याजकवंशातल्यांचा, आशीर्वाद, आणि मुसाफ, सणाची जादा प्रार्थना. निघताना भिंतीकडे पाठ करायची नाही. दहा-बारा पावलं उलटं चाललं तोच एका बाबागाडीचं चाक बरोब्बर त्याच टाचेवर आलं. तोंडून आईगं निघालं, अगदी मराठीत.

परतीची चढण उन्हात. बस तारे दिसल्यावर. आजींनी दिलेले तीन चौकोन शिल्लक होते, हेवरोन रस्त्यावर दोन संपले.