चौतीस एककांचा हिशोब

गेली अकरा वर्षे महिन्यातल्या एका शनिवारी मी ओहायोतल्या कोलंबस शहरात एका ज्येष्ठ सहकाऱ्यांच्या घरी जाते, आणि त्यांच्या बेसमेंटमधल्या लांब टेबलावर आम्ही दोघे अंतराळयानांची लढाई खेळतो. खेळाचे नाव ‘स्टार फ्लीट बॅटल्स’. सहकारी आता निवृत्त झाले आहेत. त्यांनी हा खेळ ऐंशीच्या दशकात, विद्यार्थी असताना विकत घेतला होता. माझे काम वीजवितरणाच्या नियोजनाचे, म्हणजे कोणत्या तासाला कोणत्या भागाला किती वीज लागेल याचे अंदाज बांधण्याचे. एकदा जेवणाच्या सुट्टीत ते म्हणाले, “तुला एक खेळ दाखवतो, त्यात तू दिवसभर जे करतेस तेच करायचे असते, फक्त समोरून कोणीतरी गोळ्या झाडत असतो.” त्या वाक्यामुळे मी पहिल्यांदा त्यांच्या घरी गेले. ज्या ‘स्टार ट्रेक’ या दूरचित्रवाणी मालिकेवरून हा खेळ निघाला, तिचा एकही भाग मी तोवर पाहिलेला नव्हता.

स्टीफन कोल यांनी हा खेळ रचला आणि १९७९ साली टेक्सासमधल्या अमरिलो गावच्या ‘टास्क फोर्स गेम्स’ या छोट्या कंपनीने तो प्लास्टिकच्या झिपवाल्या पिशवीत घालून बाजारात आणला. पहिल्या महायुद्धातल्या जटलंडच्या आरमारी लढाईवर एक टेबलावरचा खेळ होता, त्याच्या पद्धतीवरून कोल यांनी आपल्या खेळाचा पाया घातला, आणि ते मूळ आजही जाणवते: अंतराळयाने लढाऊ विमानांसारखी गिरक्या घेत नाहीत, युद्धनौकांसारखी जडपणे वळतात आणि तोफेच्या माऱ्यासाठी कूस समोर आणतात. मालिकेचे विश्व वापरण्याचा परवाना मिळाला तो फ्रान्झ जोसेफ यांच्या १९७५ सालच्या ‘स्टार फ्लीट टेक्निकल मॅन्युअल’ या यानांच्या आराखड्यांच्या पुस्तकाच्या हक्कांतून, त्यामुळे ‘स्टार ट्रेक’च्या नंतरच्या चित्रपटांमधले आणि मालिकांमधले काहीही या खेळात येऊ शकले नाही. खेळाने मग स्वतःचेच विश्व वाढवले. हायड्रन, लायरन, अँड्रोमेडन अशी साम्राज्ये त्यात आली आणि त्यांच्या आपापसांतल्या युद्धांचा इतिहास लिहिला गेला. मालिकेशी नाते नसलेल्या माझ्यासारखीला हे फार सोयीचे पडले, कारण मला जे शिकायचे होते ते सगळे नियमांच्या पुस्तकातच होते.

आता प्रत्यक्ष खेळाकडे येते. टेबलावर षटकोनी घरांचा नकाशा असतो आणि त्यावर पुठ्ठ्याच्या सोंगट्या. प्रत्येक खेळाडूसमोर त्याच्या यानाचा एक कागद असतो. त्यावर यानाचा आराखडा लहान लहान चौकटींनी भरलेला असतो. एक चौकट म्हणजे एक फेझर (किरणांची तोफ), एक टॉर्पेडोची नळी, इंजिनाचा एक भाग, प्रयोगशाळा, यान हाकण्याचा कक्ष. भोवती सहा बाजूंना सहा ढाली, त्याही चौकटींच्याच. मार बसला की पेन्सिलीने चौकटी खोडायच्या. हे झाले डोळ्यांना दिसणारे. खरा खेळ मात्र त्याच्या शेजारी ठेवलेल्या दुसऱ्या कागदावर चालतो. तो ऊर्जावाटपाचा तक्ता. दर फेरीच्या आरंभी यानाची सगळी ऊर्जा कुठे खर्च करायची हे त्यावर लिहायचे, आणि तो तक्ता समोरच्याला दाखवायचा नाही.

मी बहुतेक वेळा फेडरेशन या बाजूची जड क्रूझर, म्हणजे एक मोठे लढाऊ यान, घेते. तिच्या दोन मुख्य इंजिनांतून प्रत्येकी १५ एकके ऊर्जा मिळते आणि ‘इम्पल्स’ नावाच्या दुय्यम इंजिनातून ४, म्हणजे हातात ३४. त्यातली ४ आधीच गेलेली धरायची: खलाशांच्या श्वासासाठी १, नेम धरणाऱ्या यंत्रणेसाठी १, ढाली पूर्ण उभ्या ठेवण्यासाठी २. उरली ३०. क्रूझरला एक घर सरकायला एक एकक लागते, तेव्हा १६च्या वेगाने जायचे ठरवले तर १६ गेली. चार फोटॉन टॉर्पेडो आहेत; प्रत्येकात या फेरीत २ आणि पुढच्या फेरीत २ घातल्याशिवाय तो सुटण्याजोगा होत नाही, म्हणून ८ गेली. उरलेल्या ६ एककांवर बाकी सगळ्या इच्छा भागवायच्या. फेझर भरायचे का? पुढची ढाल जाड करायची का? की वेग थोडा वाढवायचा? १६च्या जागी २२ लिहिले, तर त्या फेरीत फेझरांसाठी काहीच उरत नाही.

पहिले वर्षभर मी हा तक्ता घाबरून भरत असे. सगळीकडे थोडे थोडे द्यायचे, कुठेच कमी पडू नये असे बघायचे, आणि मग कुठेच पुरेसे नाही अशी अवस्था व्हायची. टॉर्पेडोंचा हिशोब मला पहिल्यांदा नीट उमगला तो अशा एका हरलेल्या डावानंतर. आठ घरांच्या अंतरावरून फोटॉन सोडला तर फाशावर १, २ किंवा ३ पडल्यास तो लागतो, म्हणजे निम्मी शक्यता. लागला तर ८चा फटका. चारही लागले तर ३२, आणि समोरच्याची ३० चौकटींची पुढची ढाल एका दमात संपून आत मार सुरू होतो. पण चारही हुकण्याची शक्यता सोळात एक आहे, आणि हुकले तर दोन फेऱ्यांत घातलेली १६ एकके वाया. फेडरेशनच्या शत्रूंचे, म्हणजे क्लिंगॉनांचे, डिसरप्टर हे शस्त्र असते; ते २ एककांत भरतात, दर फेरीला सुटतात आणि पंधरा घरांवरूनही बऱ्यापैकी लागतात. त्यामुळे क्लिंगॉन बाजूने खेळणारा शहाणा माणूस लांबच राहतो, टोचत राहतो, आठ घरांच्या आत येतच नाही. जुने खेळाडू या डावपेचाला तलवारीचा नाच म्हणतात. माझे सहकारी गेली अकरा वर्षे माझ्याभोवती हाच नाच करत आले आहेत.

तक्ता भरून झाला की फेरी ३२ छोट्या टप्प्यांत चालते; या टप्प्यांनाही इम्पल्सच म्हणतात, इंजिनाशी त्यांचा संबंध नाही. ज्याचा वेग ८ आहे तो दर चौथ्या इम्पल्सला एक घर सरकतो, १६वाला एकाआड एक इम्पल्सला, आणि ३१ हा सर्वांत मोठा वेग ज्याने घेतला आहे तो पहिला इम्पल्स सोडून प्रत्येक वेळी. एक जण मोठ्याने आकडा म्हणतो, ज्यांची पाळी असेल ते सरकतात, मग दोघेही एकमेकांना विचारतात की कोणी मारा करणार आहे का. “बारा. मारा?” “नाही.” “तेरा. मारा?” “नाही.” अशी तास दीड तास चालणारी फेरी बाहेरच्या माणसाला कंटाळवाणी वाटेल हे मला मान्य आहे. पण त्या प्रत्येक ‘नाही’मध्ये आपण काय राखून ठेवले आहे आणि समोरच्याने काय राखले असेल याचा विचार चाललेला असतो, आणि सतराव्या इम्पल्सला समोरून “हो” येते तेव्हा छातीत धस्स होते. १९९९ साली या खेळावरून संगणकावर एक खेळ आला, त्यात पुष्कळशी मोजदाद यंत्रच करते. मी तो थोडा खेळले. जे स्वतः करण्यात मला आनंद वाटतो तेच काम त्याने माझ्याकडून काढून घेतले होते, म्हणून सोडून दिला.

तक्ता गुप्त असतो, हे वर लिहिलेच आहे. त्याचा दुसरा अर्थ असा की तो कोणी तपासत नाही. पेन्सिल आपली, खोडरबर आपले, कागद आपल्या पुठ्ठ्याच्या आडोशाला. मधेच एक एकक इकडचे तिकडे केले तर समोरच्याला कधी कळणारही नाही. तिसऱ्या वर्षी एका डावात एकोणिसाव्या इम्पल्सला माझे तक्त्याकडे लक्ष गेले आणि दिसले की माझी बेरीज ३४ऐवजी ३५ झाली आहे. फेझरांत सहा एकके घातली होती, घालायला हवी होती पाच. त्या वेळी मी पहिल्यांदाच त्यांना कोंडीत पकडले होते, पुढच्या दोनतीन इम्पल्सांत मारा करणार होते, आणि ते सहावे एकक मला फार हवे होते. मी सांगितले. त्यांनी विचारले की कमी कुठे करायचे, मी फेझर दाखवला आणि त्यावर आडवी रेघ मारली. “ठीक,” ते म्हणाले, “इम्पल्स वीस.” शाबासकी नाही, चर्चा नाही. त्यांच्या लेखी यात वेगळे असे काहीच घडलेले नव्हते, आणि मला या खेळाबद्दल खरी आपुलकी वाटू लागली ती त्या क्षणापासून.

त्याच वर्षीचा आणखी एक प्रसंग सांगते. माझ्या पुढच्या ढालीच्या ९ चौकटी शिल्लक होत्या. त्यांनी डिसरप्टर आणि फेझर मिळून मारा केला, फासे टाकले, बेरीज ११ झाली. दोन फटके आत जाणार म्हणून मी पेन्सिल उचलली. आत गेलेल्या प्रत्येक फटक्यासाठी दोन फासे टाकून कोणती चौकट जाईल ते ठरते. नशीब वाईट असेल तर टॉर्पेडोची नळीच जाते. त्यांनी हात वर करून मला थांबवले. “खोडण्याआधी एक विचारतो. तुझ्या बॅटऱ्या बघितल्यास का?” बॅटरीत राखून ठेवलेली ऊर्जा ऐन वेळी मार बसणाऱ्या ढालीत ओतता येते, हा नियम मी वाचला होता आणि विसरले होते. बॅटरीत बरोबर २ एकके होती. नऊ आणि दोन अकरा, आणि आत काहीच गेले नाही. पुढच्या फेरीत मी त्यांना हरवले, अकरा वर्षांतल्या माझ्या मोजक्या विजयांपैकी तो पहिला.

नियमांचे पुस्तक शेकडो पानांचे आहे आणि प्रत्येक नियमाला कायद्याच्या कलमासारखा अक्षर-आकड्यांचा क्रमांक आहे. या जाडीमुळे खेळाला पुष्कळ नावे ठेवली जातात. पाहिल्याबरोबर पळून गेलेली माणसे मी स्वतः पाहिली आहेत आणि त्यांना दोष देत नाही. मात्र टेबलावर पंच नसतो, तेव्हा दोन माणसांत मतभेद झाला की कलम काढून दोघांनी एकत्र वाचायचे, हीच रीत. ओरिजिन्स हा खेळांचा मेळा १९९६पासून आमच्याच कोलंबसमध्ये भरत आला आहे आणि या खेळाची मोठी स्पर्धा तिथे वर्षानुवर्षे होत असे. स्पर्धेसाठी प्रत्येक साम्राज्याची एक खास क्रूझर बेतलेली आहे, जेणेकरून कोणतीही दोन याने समोरासमोर आली तरी लढत बरोबरीची व्हावी. सहकाऱ्यांनी मला पहिल्यांदा तिथे नेले तेव्हा मी चकित झाले: साठीतली माणसे, वाचून वाचून कडा झिजलेली पुस्तके, आणि ज्याच्याशी लढत चालली आहे त्यालाच “थांबा, तो नियम तुमच्या बाजूचा आहे” असे सांगणारे प्रतिस्पर्धी.

यानांच्या लढाईचे इतर खेळही मी खेळून पाहिले. १९७३ सालच्या ‘ट्रायप्लॅनेटरी’त नकाशावर ग्रीस पेन्सिलीने बाण काढतात, कारण अंतराळात एकदा मिळालेली गती आपोआप जात नाही, या एका गोष्टीत तो स्टार फ्लीटपेक्षा कितीतरी खरा आहे. इंग्लंडमधल्या जॉन टफ्ली यांचा ‘फुल थ्रस्ट’ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीचा. त्याचे नियम आता फुकट मिळतात, आणि पहिल्यांदा खेळणाऱ्याला मी तोच सुचवते, कारण संध्याकाळभरात पूर्ण डाव होतो. त्यातही हुकूम गुप्तपणे लिहायचे असतात आणि सगळी याने एकदम हलतात. २०१२ साली आलेला ‘एक्स-विंग’ दिसायला सर्वांत देखणा, रंगवलेल्या छोट्या यानांचा. २०२४मध्ये कंपनीने त्याची पुढची वाढ थांबवत असल्याचे जाहीर केले, तेव्हा खेळाडूंनीच गट बांधून यानांचे गुण ठरवण्याचे आणि स्पर्धांचे नियम सांभाळण्याचे काम अंगावर घेतले. विकणाऱ्याने हात काढून घेतल्यावरही खेळ जिवंत ठेवणाऱ्या या लोकांबद्दल मला मनापासून आदर आहे. त्यांना त्यातून एक पैसा मिळत नाही, आणि तक्त्यातले एक चुकीचे मूल्य सुधारण्यासाठी ते रात्र रात्र वाद घालतात.

आमच्या शनिवारच्या डावात अलीकडे एक बदल झाला आहे. सहकाऱ्यांची नजर दोन वर्षांपासून अधू होत चालली आहे. सोंगट्या त्यांना दिसतात, मोठे फासे आणले आहेत तेही दिसतात, पण तक्त्यातल्या बारीक चौकटी दिसत नाहीत. काही महिने त्यांनी भिंगाने काम चालवले. मग एके दिवशी त्यांनी तो कागद टेबलावरून माझ्याकडे सरकवला.

तेव्हापासून आमची पद्धत अशी ठरली आहे. आधी मी माझा तक्ता शाईने भरते, कारण खोडरबराचा प्रश्नच नको, आणि पालथा घालून त्यावर नियमांचे पुस्तक ठेवते. मग त्यांचा तक्ता पुढे घेते आणि ते डोळे मिटून सांगतात तसे लिहिते. गेल्या शनिवारी त्यांनी सांगितले, “वेग १६. चारही डिसरप्टर, म्हणजे ८. ढाली पूर्ण. उरलेले फेझरांना, आणि बॅटऱ्या भरलेल्याच राहू दे.” मी बेरीज दोनदा तपासली, त्यांना वाचून दाखवली आणि कागद त्यांच्यासमोर पालथा ठेवला. माझ्या पुस्तकाखालच्या कागदावर २२चा वेग लिहिलेला होता आणि चार फोटॉन दुसऱ्या फेरीचे भरत होते. ते किती वेगाने मागे हटणार हे आता मला ठाऊक होते, त्यांच्या बॅटऱ्या भरलेल्या आहेत हेही ठाऊक होते. डिसरप्टरचे आकडे सांगताना त्यांचा आवाज जराही अडखळला नव्हता.

“इम्पल्स एक,” ते म्हणाले.