सगळं जळून गेल्यावर कळतं तरी कसं?

"सगळंच जळून गेलं, मग आग लागली की लावली, हे तुम्हाला कशावरून कळतं?" विमा कंपन्यांसाठी आगीचा तपास करतो म्हटलं की हा प्रश्न येतोच. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो.

मुळात सगळं जळतच नाही. भिवंडीकडच्या कापडाच्या गोडाऊनमध्ये करकचून बांधलेली गाठ बाहेरून काळी पडते, पण आत हवा पोचत नाही, त्यामुळे आतलं कापड बऱ्याचदा शाबूत निघतं. क्लेममध्ये शेकडो गाठी आणि ढिगाऱ्यात त्यांचा मागमूस नाही, तर माल आधीच हलवला होता का, हे विचारावंच लागतं. तयार कपडे असतील तर चेन आणि धातूची बटणं मागे राहतात. म्हणून राख चाळायची आणि खरेदीची आणि मालवाहतुकीची (ई-वे) बिलं शेजारी ठेवून ताळा बघायचा. कोणी घाईने ढिगारा उपसला, की यातलं निम्मं गेलं.

आग कुठून सुरू झाली ते ठरल्याशिवाय कारणाचा विचारही करायचा नाही. भिंतीवरच्या खुणा, लाकूड कुठल्या बाजूने जास्त जळलंय, सीसीटीव्ही, हे सगळं पाहायचं. आणि आत शिरलेल्या फायर ब्रिगेडच्या जवानांना विचारायचं, कारण तेव्हा शटरला कुलूप होतं का, हे त्यांनी पाहिलेलं असतं.

पंचनाम्यात सर्रास 'शॉर्ट सर्किट' लिहिलं जातं, त्याचा मला मनापासून राग आहे. तांबं सुमारे १०८५ अंश सेल्सिअसला वितळतं. तारेच्या टोकाला गुळगुळीत, गोल मणी दिसला तर त्या वेळी तारेत वीज होती, एवढं बहुधा म्हणता येतं. पण आगीनेच वेष्टण जळून तारा एकमेकींना टेकल्या, तरी तसाच मणी तयार होतो. मग ती ठिणगी आगीचं कारण होती की परिणाम?

पेट्रोल-रॉकेलचा संशय असेल तर नमुना हवाबंद पत्र्याच्या डब्यात किंवा काचेच्या बरणीत घ्यायचा, साध्या प्लास्टिकच्या पिशवीतून वाफ निसटते. जिथे संशय नाही तिथलाही नमुना हवा, कारण फोम आणि कार्पेट जळूनही पेट्रोलियमशी मिळतीजुळती द्रव्यं तयार होतात. नुसत्या वासावर मी कोणालाही दोषी धरणार नाही.

ही सावधगिरी कशासाठी, तर टेक्सासमधल्या कॉर्सिकानासाठी. २३ डिसेंबर १९९१ रोजी तिथल्या एका घराच्या आगीत तीन लहान मुली गेल्या. तपासनिसांनी फरशीवरचे डाग आणि काचेवरचं बारीक तड्यांचं जाळं पाहून सांगितलं, की ज्वलनशील द्रव ओतला होता. मुलींचे वडील कॅमेरॉन टॉड विलिंगहॅम यांना २००४ मध्ये मृत्युदंड दिला गेला. तापलेल्या काचेवर पाणी पडलं की तसं जाळं उमटतं आणि अख्खी खोली एकदम पेटली की द्रव न ओतताही फरशीवर तसे डाग पडतात. पुढे ही केस तपासणाऱ्या अग्निशास्त्राच्या तज्ज्ञांना आग लावल्याच्या निष्कर्षाला शास्त्रीय आधार सापडला नाही.

म्हणूनच माझ्या काही अहवालांत शेवटी 'कारण निश्चित करता आलं नाही' असं लिहिलेलं असतं. हे वाक्य कंपनीला नको असतं आणि गाळामालकालाही. दोघांचे फोन येतात. मी अहवाल बदलत नाही.