भर उन्हात पॅनल का दमतं?

परभणीकडच्या आमच्या आखाड्यावर (शेतातल्या वस्तीवर) गोठ्यात एक छोटा एलईडी दिवा लावलाय. शेतीची लाईट रात्रपाळीला असली की मोटार चालू करायला जाताना पायाखालचं दिसावं, एवढ्यासाठी. टॉर्चमध्ये असते तसली ६ व्होल्ट, ४.५ एएचची (अँपियर-तास) लेड-अ‍ॅसिड बॅटरी आणि पत्र्यावर ३ वॅटचं, ‘६ व्होल्ट’ लिहिलेलं पॅनल. मे महिन्यात तात्या म्हणाले, “अरे, ऊन तर जाळ निघालाय, अन् दिवा दहालाच मान का टाकतोय?”

दोष उन्हाचाच होता. पॅनलमध्ये १२ सेल. तापमान अंशाने वाढलं की प्रत्येक सेलचं व्होल्टेज साधारण २ मिलीव्होल्टनं उतरतं. पत्र्यावरचं पॅनल दुपारी ६५ अंशांवर सहज जातं, म्हणजे २५ अंशांच्या मानानं जवळपास एक व्होल्ट गेला. सहाच्या जागी पाच. बॅटरी भरायला ६.९ लागतात, हेड (पाणी वर चढवायची ताकद) कमी पडलेल्या मोटारीसारखी गत. नऊ व्होल्टचं पॅनल आणलं असतं तर मिटलं असतं, पण घरातलं पॅनल कोण फेकतो? म्हणून एमटी३६०८ या चिपचं बूस्ट मॉड्यूल, म्हणजे व्होल्टेज चढवणारी छोटी पट्टी, लावलं.

आतला स्विच चालू असताना कॉइलमध्ये ऊर्जा साठते. स्विच सुटला की कॉइल करंट एकदम तुटू देत नाही. पॅनलच्या व्होल्टेजवर स्वतःचं चढवते आणि डायोडमधून बॅटरीत ढकलते. हे सेकंदाला बारा लाखांच्या आसपास वेळा चालतं. बॅटरी जोडायच्या आधीच मॉड्यूलवरचा प्रीसेट (बारीक स्क्रू) फिरवून आउटपुट ६.९ वर आणायचं.

खरी गंमत पुढं. बॅटरी रिकामी असली की मॉड्यूल अधाशासारखं करंट ओढतं. पॅनल उन्हानं ठरवून दिल्यापेक्षा जास्त करंट देत नाही, मग त्याचं व्होल्टेज कोसळतं. मल्टिमीटरवर पाचाचे दोन झालेले दिसतात आणि तिथंच अडकतात. अर्धा अँपियर गुणिले दोन, म्हणजे एक वॅट. पाच व्होल्टला तोच करंट अडीच वॅट देतो. दुपारभर निम्म्याहून जास्त वाया!

इलाज चिपच्या ईएन पायात, म्हणजे तिला चालू-बंद करणाऱ्या पायात आहे. मॉड्यूलवर हा पाय इनपुटलाच जोडलेला येतो. सुईच्या टोकानं तो उचलायचा (हात थरथरत असेल तर हे काम पोराला द्या) आणि एलएम३९३ कंपॅरेटरला, म्हणजे दोन व्होल्टेजची तुलना करणाऱ्या चिपला, जोडायचा. एका बाजूला पॅनलच्या व्होल्टेजचा रेझिस्टरनं पाडलेला ठराविक हिस्सा, तुलनेला टीएल४३१ या चिपची २.५ व्होल्टची स्थिर खूण. पॅनल ४.६च्या खाली आलं की मॉड्यूल थांबतं, ४.९ला परत चालू. मधला दम धरायला इनपुटवर २२०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर. ढग आला तरी चार्जिंग मंद होतं, पण अडकून बसत नाही.

लिथियम सेल का नाही, असं भाचा विचारत होता. तो ४५ अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि आमच्या गोठ्यात पत्र्याखाली मे महिन्यात दुपारी हात लावून बघा.