तबला शिकवणारा माणूस आणि यंत्राचा ठेका

"सर, तबला शिकवता आणि कानात हे खटखट कसं चालतं तुम्हाला?" इंदूरला रामबागेतल्या माझ्या क्लासवर मुलांना न्यायला येणारं कुणी ना कुणी हे विचारतंच. परवा एका बाबांनी हेल्मेट हातात घेऊन विचारलं, तेव्हा त्यांचा मुलगा आत मोबाइलवर लेहरा, म्हणजे तालासोबत फिरत राहणारी सुरावट, लावून तबल्याचा कायदा (बोलांची एक रचना) घोकत होता. त्या यंत्राबद्दल कुणाची तक्रार नसते.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ते खटखट म्हणजे थॉम यॉर्कचा 'द इरेझर'. रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा हा गायक. २००६ मध्ये त्यानं एकट्याच्या नावावर पहिला अल्बम काढला. गाणी नऊ, आणि बहुतेक कारभार संगणकाचा. पहिल्याच गाण्यातला पियानो बँडमधल्या जॉनी ग्रीनवुडचा. यॉर्कनं त्याचं वाजवणं डिक्टाफोनवर टिपलं, त्याचे तुकडे केले आणि क्रम बदलून जोडले. बँड मोडलाबिडला नव्हता, पुढच्याच वर्षी रेडिओहेडचा नवा अल्बम आला.

इंदूरकरानं खरं तर याला दचकू नये. उस्ताद अमीर खाँ इथेच वाढले. अतिविलंबित, म्हणजे अगदी संथ लयीतल्या, झुमरा तालात ते ख्याल मांडत आणि तबल्याकडून त्यांना हवा असे नुसता ठेका. चौदा मात्रा, परत त्याच चौदा मात्रा. साथीदारानं मध्ये हात दाखवायचा नाही. 'धिं' आणि 'धा' यांच्यामधली जागा मोकळी सोडायची म्हणजे काय, ते हात शिवशिवणाऱ्या तबलजीला विचारा! पण ती मोकळी राहते म्हणूनच गळ्याला फिरायला अंगण मिळतं. यॉर्कचं यंत्र तेच करतं. एक छोटा तुकडा हट्टानं फिरत राहतो आणि त्यावर आवाज एकटा. निर्माता नायजेल गॉडरिचनं त्या आवाजावर घुमाराही फारसा चढवलेला नाही. श्वास घेतलेला कळतो.

खोट आहे, नाही कशाला म्हणू? समेवर, म्हणजे तालाच्या पहिल्या मात्रेवर, येताना यंत्र गायकाकडे बघत नाही. म्हणून २००९ मध्ये यॉर्कनं हीच गाणी मंचावर माणसांकडून वाजवून घेतली, ते मला जास्त आवडतं. बास गिटारवर रेड हॉट चिली पेपर्सचा फ्ली, तालवाद्यांवर ब्राझीलचा माउरो रेफॉस्को. यंत्राचा ठेका हातानं वाजवायचा! आमच्याकडचा कुणी तिथे असता तर पहिल्या आवर्तनातच तिहाई (एकच बोल तीनदा वाजवून सम गाठणं) मारून मोकळा झाला असता.

त्या बाबांच्या कानात मी इयरफोन घातले. जिन्याखाली उभं राहून त्यांनी पूर्ण गाणं ऐकलं. मग म्हणाले, "सुरात आहे हो माणूस." आणि जाता जाता, "सर, आतल्या लेहऱ्याची लय जरा कमी ठेवा ना. पोराचं मनगट दुखतंय दोन दिवस."